जुनी फियाट-ॲम्बेसिडर चालवायचीय? आधी थांबवायला शिका

लग्नसराई आली की मला फोन सुरू होतात. "काका, नवरदेवाला तुमची फियाट द्या ना, मंडपापर्यंतच न्यायचीय, मीच चालवतो." मागच्या वर्षी पुतण्याला दिली चावी. पोरगं चांगलं ड्रायव्हर आहे, पुण्यात रोज ऑटोमॅटिक चालवतं, रात्रीतून गावाकडं येऊन जातं. आमच्या अंबाजोगाईच्या गल्लीतून बाहेर पडलं, पहिल्याच कोपऱ्यावर शेळी आडवी आली, यानं सवयीनं ब्रेकला नुसता पाय टेकवला आणि गाडी आपली चाललीच. शेळी वाचली ती स्वतःच्या हिमतीवर. पोरगं घामाघूम होऊन म्हणतंय, "काका, हिचा ब्रेकच लागंना!"

ब्रेक चांगला होता, आदल्या आठवड्यातच लायनर बघून घेतले होते. पोराचा पाय नव्या गाडीचा होता. जुनी गाडी म्हणलं की सगळे स्टिअरिंगवरच्या गिअरला घाबरतात, अन् गिअर तर अर्ध्या दिवसात जमतो हो. घाबरायचं ते ब्रेकला, म्हणून मी कुणालाही शिकवताना उलटं शिकवतो, आधी थांबवणं, मग चालवणं. ज्यांना ज्यांना चावी द्यायची वेळ येते त्या सगळ्यांना दर वेळी तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतोय.

माझी गाडी १९८२ ची प्रीमियर पद्मिनी, घरात आणि गल्लीत तिला फियाटच म्हणतात. इंजिन १०८९ सीसी, ताकद ४० हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि आजची १२०० सीसीची साधी हॅचबॅक सुद्धा ८० च्या जवळपास देते, म्हणजे निम्म्या ताकदीत काम भागवायचंय हे डोक्यात ठेवा. खाली लिहिलेलं बरंचसं जुन्या ॲम्बेसिडरलाही लागू आहे, पण शेवटी शेवटी आलेल्या इसुझू इंजिनवाल्या गाड्यांचं थोडं वेगळं आहे, त्यात पाच गिअर होते.

कागदाचं आधी उरकून घेऊ

आपल्याकडं पंधरा वर्षं जुन्या गाडीलाही लोक व्हिंटेज म्हणतात. कायद्यानं तसं नाही. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडीच व्हिंटेज. तिला नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षं चालते, पुन्हा करायची तर ५,०००. पण एकदा तशी नोंदणी केली की ती गाडी रोज बाजारहाटाला नेता येत नाही, भाड्यानं लावता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं असल्या कामालाच रस्त्यावर. पद्मिनी हे नावच १९७४ च्या सुमाराला आलं, त्याआधी त्याच गाडीला प्रेसिडेंट म्हणायचे, म्हणजे सगळ्यात जुनी पद्मिनी सुद्धा आत्ता कुठं पन्नाशीला पोचली. तुमची गाडी ५० च्या आतली असेल तर साधा रस्ता, १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी फिटनेस दाखवून आरसी वाढवून घ्यायची, पीयूसी आणि इन्शुरन्स चालू ठेवायचा.

चावी लावायच्या आधी गाडीखाली बघा

नवी गाडी काही बिघडलं तर डॅशबोर्डवर दिवा लावते, जुनी गाडी फरशीवर डाग पाडते. इंजिनखाली काळा डाग म्हणजे ऑइल, थोडंफार चालतं. पण चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसलं तर हात लावून बघा, ब्रेक ऑइल असेल तर गाडी तिथंच उभी ठेवा, कितीही मोठ्या माणसाचं लग्न असू द्या.

मग बॉनेट. डिपस्टिक पुसून पुन्हा घालून ऑइल बघायचं, गाडी सपाटीवर हवी. रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघायचं, पण फक्त थंड गाडीचं. गरम रेडिएटरचं झाकण उघडून तोंड भाजून घेतलेली माणसं मी पाहिलीयत. ब्रेक ऑइलच्या डबीत खूण असते, तिच्या खाली गेलं असेल तर नुसतं भरून मोकळं होऊ नका, गेलं कुठं ते शोधा. फॅन बेल्ट मधोमध बोटानं दाबला तर अर्धा-पाऊण इंच दबावा.

टायर नक्की बघा. ह्या गाड्या वर्षाला हजार किलोमीटर पण पळत नाहीत, त्यामुळं टायरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र वाळून गेलेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. बाजूला बारीक भेगा दिसल्या की बदलून टाका. फियाटला ५.२०-१४ आणि ॲम्बेसिडरला ५.९०-१५ असे टायर यायचे, दुकानात लगेच मिळतील असं नाही, आधी सांगून ठेवावं लागतं.

चालू करणं

नव्या गाडीत बटण दाबलं की पेट्रोल किती, हवा किती ते कॉम्प्युटर बघतो. इथं ते काम तुमचं. कार्बोरेटरवाली गाडी थंड असताना तिला जास्त पेट्रोल लागतं, त्यासाठी चोक, म्हणजे ओढायची खुंटी. गाडी चार-आठ दिवस उभी असेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असतं, म्हणून पहिल्यांदा सेल्फ जरा जास्त मारावा लागतो. पाच सेकंद मारा, दहा-पंधरा सेकंद थांबा, परत मारा. सलग रगडत बसलात तर बॅटरी उतरेल आणि मग गल्लीतली पोरं धक्क्याला बोलवा.

थंडीत चोक पूर्ण ओढायचा, ॲक्सिलेटरला हात नाही, म्हणजे पाय नाही. इंजिननं पकडलं की चोक अर्धा आत, दोन-तीन मिनिटांत पूर्ण आत. चोक तसाच ओढलेला राहिला तर प्लग काळे होतात, गाडी मिसिंग मारते आणि तुम्ही म्हणता गाडी खराब. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बहुतेक वेळा चोक लागतच नाही.

ॲक्सिलेटर पंप करायची सवय असेल तर सोडा. प्रत्येक वेळी पाय दाबला की कार्बोरेटर आत पेट्रोलची पिचकारी मारतो, चालू झाली नाही म्हणून पाय मारत राहिलात तर ओव्हरफ्लो. पेट्रोलचा भपकन वास आला की समजायचं. मग चोक आत, ॲक्सिलेटर हळूच तळापर्यंत दाबून तिथंच धरायचा, वरखाली करायचा नाही, आणि सेल्फ मारायचा. जास्तीचं पेट्रोल हवेबरोबर निघून जातं आणि खोकत खोकत लागते.

बॅटरी उतरून पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवायची वेळ आली तर एकच गोष्ट, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला विळखा घालायचा नाही, आणि खालून वर ओढायचं, वरून खाली ढकलायचं नाही. इंजिननं उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून जायला पाहिजे. गिअर न्यूट्रलला आहे का हे दोनदा बघा.

आता ब्रेक, आणि इथं घाई नको

नव्या गाडीत पुढं डिस्क, व्हॅक्यूम बूस्टर, वर एबीएस. तुम्ही दोन बोटांएवढा जोर लावता, बाकीचा गाडी लावते. जुन्या फियाटला चारी चाकांना ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून लायनर लावलेले शू दाबतात, बूस्टर नाही, जेवढा जोर तुमच्या मांडीत तेवढाच ब्रेक. त्यात जुन्या गाड्यांत ब्रेकचं सर्किट बहुतेक एकच असायचं, एका चाकाचा पाइप गेला की चारी चाकं मोकळी.

गाडी हलवायच्या आधी उभ्या उभ्या पेडल दाबून बघा, पेडल सगळं सांगतं. पहिल्यांदा खोल गेलं आणि दोन-तीन पंप मारल्यावर वर आलं तर लायनर झिजलेत, ॲडजस्ट करायला पाहिजेत. स्पंजासारखं मऊ लागलं तर पाइपात हवा आहे. आणि पाय घट्ट दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली जायला लागलं तर मास्टर सिलिंडर आतून गळतोय, ह्या तिसऱ्या प्रकारात गाडी बाहेर काढायची नाही.

मग मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात जा, आडत बंद असते त्या दिवशी. मोकळं मैदान, खाली सिमेंट, हमाल नाहीत, गाड्या नाहीत. एक रिकामं पोतं खूण म्हणून टाका. २० च्या स्पीडनं या, पुढचं चाक पोत्यावर आलं की ब्रेक दाबा, थांबल्यावर उतरून पावलं मोजा. मग ३०, मग ४०. प्रत्येक स्पीडला तीनदा तरी. २० ला जेवढी पावलं लागली त्याच्या दुप्पट ४० ला लागतील असं वाटतं, तसं होत नाही, स्पीड दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर साधारण चौपट होतं, हे पुस्तकात वाचून पटत नाही, पावलं मोजल्यावर पटतं. पुतण्याला लग्नानंतर नेला होता तिथं, ४० ची पावलं मोजताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

तिथंच चाक लॉक करून पण बघा. जोरात दाबलं की चाकं फिरायची थांबतात, गाडी घसरते आणि स्टिअरिंग कितीही फिरवा सरळच जाते. एबीएस नाही, म्हणून एबीएसचं काम पायानं करायचं, लॉक झालं की जरासं सोडायचं, परत दाबायचं. ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर मिस्त्रीकडं न्या, एका चाकाचा शू जास्त धरतोय किंवा लायनरवर ऑइल आलंय.

रस्त्यावर ह्याचा अर्थ इतकाच, पुढच्या गाडीनं एखादा विजेचा खांब ओलांडला की मोजायला लागायचं आणि तुम्ही त्या खांबापाशी पोचेपर्यंत पाच-सहा सेकंद गेले पाहिजेत. मधी कुणी घुसलं तर घुसू द्या, परत मागं सरका. आणि मागच्याचाही विचार करा, त्याच्या गाडीला ब्रेक आहे पण तुमचा ब्रेक लाइट दिवसा त्याला दिसत नाही. हात बाहेर काढून तळवा खाली करून वरखाली करायचा, आपण लायसनच्या परीक्षेला शिकलो आणि विसरून गेलो तोच इशारा.

घाटाचं माझंच सांगतो. कॉलेजात होतो, घरातले वडीलधारे आप्पा शेजारी बसलेले, केजकडून बीडला निघालो होतो. मांजरसुंब्याच्या पुढं घाट उतरताना मी थर्डमध्ये, आणि पाय ब्रेकवर ठेवलेला तो काढलाच नाही. पुढं उसाचा ट्रॅक्टर. अर्ध्यात आल्यावर जळकट वास यायला लागला, पेडल तर कडक होतं, खाली जात नव्हतं, पण गाडी धरंना. ड्रम तापला होता, लायनर तापून गुळगुळीत झाले होते, नुसतं घासायले होते. आप्पा ओरडले नाहीत, "सेकंड टाक" एवढंच म्हणले. टाकला कसाबसा, इंजिन किंचाळलं, गाडी आवळल्यासारखी झाली आणि ट्रॉलीच्या मागं दहा-बारा हातांवर स्पीड जुळला. खाली हॉटेलवर चहा संपेपर्यंत आप्पा गप्प. मग म्हणले, "ज्या गिअरवर चढतो त्याच गिअरवर उतरायचं असतं, हे कॉलेजात शिकवत नाहीत का?"

तेव्हापासून घाट सुरू व्हायच्या आधी गिअर खाली. ब्रेक लावायचा तो थोडा वेळ नीट दाबून, मग पूर्ण सोडून, ड्रमला थंड व्हायला वेळ द्यायचा. न्यूट्रलवर सोडून पेट्रोल वाचवणारे महाभाग अजून आहेत आपल्याकडं, त्यांच्या शेजारी बसू नका.

गिअर

स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला दांडी असते. कुठला गिअर कुठं हे मालकाकडून विचारून घ्या आणि इंजिन बंद ठेवून पन्नास वेळा टाका, डोळे रस्त्यावर ठेवून. झिजलेल्या गाड्यांत प्रत्येकीची थोडी खोड असते, आमचीचा थर्ड जरा वर दाबून घ्यावा लागतो.

फर्स्टला सिंक्रो नाही. सिंक्रो म्हणजे दोन गिअरचा वेग जुळवून देणारी पितळेची रिंग, नव्या गाडीत सगळ्या गिअरना असते म्हणून तुम्हाला तिचं अस्तित्वच माहीत नसतं. फियाटला ती सेकंड, थर्ड, फोर्थला आहे, फर्स्ट फक्त गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकायचा. चालत्या गाडीत टाकलात तर खर्रर्र असा आवाज येतो की हॉटेलवर बसलेले सगळे मान वळवून बघतात. थांबलेल्या गाडीतही खरखर आली तर आधी सेकंडला लावून मग फर्स्टला आणा, आतला शाफ्ट थांबलेला असतो, शांत पडतो.

वरचे गिअर टाकताना घाई न करता न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबायचं. खालच्या गिअरला येताना डबल क्लच. समजा चढावर थर्डमधून सेकंडला यायचंय, स्पीड २५ च्या आसपास. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, ॲक्सिलेटरला एक हलका टोला द्या, परत क्लच दाबा, सेकंड टाका, क्लच सोडा. तो टोला कशासाठी, तर सेकंडमध्ये तेवढ्याच स्पीडला इंजिन जास्त फिरणार असतं, ते आधीच फिरवून ठेवलं की दात दातात बसतो. वाचायला लांब आहे, हाताला सवय झाली की एक सेकंद. नीट जमलं की दांडी लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि तुम्ही उगीचच खुश होता.

क्लचवर पाय ठेवून बसू नका. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक लावा.

स्टिअरिंग

पॉवर स्टिअरिंग नाही म्हणून चाक मोठं दिलेलं असतं, जोर लावायला. उभ्या गाडीत फिरवायचं नाही, टायर, रॉड आणि तुमचा खांदा तिघांची वाट लागते. गाडी किंचित सरकू द्या, मग फिरवा. थोडा प्ले असतोच, म्हणजे चाक जरा फिरवलं तरी गाडी लगेच वळत नाही, पण दोन बोटांपेक्षा जास्त असेल तर दाखवून घ्या. दोन्ही हात चाकावर. एका हातानं फोन हा विषय इथंच संपतो.

स्पीड ५०-६० ठेवा. समृद्धीवर नेऊ नका, तिथं कार १२० च्या लिमिटनं पळतात, मागून येणाऱ्याला तुम्ही उभेच दिसता. जुन्या रस्त्यानं जा, चहा पण चांगला मिळतो.

मराठवाड्याचा उन्हाळा, ऊस आणि पाऊस

मे महिन्यात पारा ४२-४३ ला गेला की नव्या गाडीत तुम्ही एसी वाढवता. जुन्या गाडीत पेट्रोल पंपातच उकळायला लागतं. इंजिनला चिकटलेला पेट्रोलचा पंप, मिस्त्री त्याला एसी पंप म्हणतात, तो पातळ पेट्रोल ओढू शकतो, वाफ ओढू शकत नाही. गाडी आचके देत बंद पडते, सेल्फ मारला तर नुसतं फिरतं. काही खराब झालेलं नसतं. सावलीला घ्या, बॉनेट उघडा, फडकं ओलं करून पंपावर आणि पेट्रोलच्या पाइपवर गुंडाळा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. पाणी भसाभस ओतू नका, डेल्कोत, म्हणजे प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये गेलं तर दुसरंच दुखणं. मी उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत नाहीतर पाचच्या पुढंच काढतो, पाच लिटरचा पाण्याचा कॅन डिकीत कायम.

दुसरं म्हणजे पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतंय. जुन्या गाडीचे रबरी होज आणि एसी पंपाचा पडदा ह्या पेट्रोलसाठी बनलेला नाही, तो फुगतो, चिरतो. आपल्याच शेतातला ऊस कारखान्याला जातो, त्याचं इथेनॉल होतं आणि ते येऊन आपल्याच गाडीचा होज खातं, असा हा गोल आहे. इथेनॉल चालणारे होज आणि पंपाचं किट बदलून घ्या, गरम इंजिनवर पेट्रोल गळणं म्हणजे आगीशी गाठ, छोटा फायर एक्स्टिंग्विशर सीटखाली ठेवाच. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळं टाकी भरून गाडी सहा महिने झाकून ठेवायची नाही. कार्बोरेटरला नव्या गाडीसारखा सेन्सर नसतो, मिक्स्चर पातळ पडून गाडी ओढत नाही असं वाटलं तर मिस्त्रीकडून जेट बघून घ्या.

दिवाळीनंतर उसाचा सीझन सुरू झाला की रात्री गाडी काढायचीच नाही. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागं लाइट नाही, ऊस बाहेर आलेला. तुमचे हेडलाइट पिवळे, डायनॅमो असेल तर सावकाश चालताना चार्जिंग पण होत नाही, म्हणजे नेमकं हळू जावं तिथं उजेड कमी.

पावसात शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळी माती डांबरावर आणून टाकतात, ती ओली झाली की साबण. ताकद मागच्या चाकांना आणि मागची बाजू हलकी, वळणावर ॲक्सिलेटर दिला की शेपूट फिरते. ओढ्यातून, पाण्यातून गाडी काढली तर पुढचे शंभर-दोनशे मीटर हलका ब्रेक लावत चला, ड्रममध्ये गेलेलं पाणी वाळल्याशिवाय ब्रेक लागत नाही.

सोबत काय ठेवायचं

सीबी पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडतो-तोडतो तो) आणि त्याच्या जोडीचा कंडेन्सर, फॅन बेल्ट, दोन प्लग आणि प्लग पाना, एसी पंपाचं किट, फ्यूज, वायर, होज क्लिप, पॉलिश पेपर, हातातली बॅटरी (टॉर्च). गाडी अचानक बंद पडली आणि उन्हाचं कारण नसेल तर बहुतेक वेळा पॉइंट नाहीतर कंडेन्सर निघतो. पॉइंट काळे पडले असतील तर पॉलिश पेपरनं घासून पोस्टकार्ड दुमडून गॅप लावायची पद्धत होती आप्पांची, मी फिलर गेज वापरतो, पण गाडी दोन्हीवर चालू होते. नवा कंडेन्सर मिळाला की दोन घेऊन ठेवा, आता येणारे किती टिकतील त्याचा भरवसा नाही.

उभी करताना

लांबून आल्यावर लगेच बंद करू नका, मिनिटभर चालू ठेवा. बंद केल्यावर सुद्धा गाडी दोन-चार वेळा धडधडत राहिली तर गरम झालीय किंवा टायमिंग बघायला पाहिजे. हँडब्रेकवर विश्वास ठेवायचा नाही, उतार असेल तर उताराकडं तोंड असताना रिव्हर्स आणि चढावर तोंड असताना फर्स्ट टाकून ठेवायचा, शिवाय चाकाखाली दगड. आणि निघताना तो दगड उचलून डिकीत टाका. रस्त्यात ठेवलात तर मागून येणारा मोटारसायकलवाला पडतो, आणि पुढच्या मंडपासमोर तसा दगड सापडेलच असं नाही.